काजळीवरची रेघ

४ नोव्हेंबर १९५९, नंदुरबार
दोरीवर आज माझं लुगडं, डॉ.चा सदरा, आणि मधोमध जमनाबाईचं पोट वाळत होतं. पोट म्हणजे कागद. काजळी धरलेला, त्यावर बारीक पांढरी रेघ. ती पुसू नये म्हणून डॉ. कागद लाखेच्या रोगणात बुडवतात आणि माझ्याच दोरीवर टांगतात. कपड्यांना डाग पडले तरी आपण बोलायचं नाही. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून विचारलं, हे काय हो? मी म्हटलं, सवत. त्या पोट धरून हसल्या. मी नाही हसले.

६ नोव्हेंबर
ज.बाई आली होती. केळ्यांचा घड घेऊन. गुजरांची सून, सारंगखेड्याच्या अलीकडे घर, बाग तापीच्या काठाला लागूनच. वयाने माझ्याएवढी. रंगाने उजळ. हडकुळी, पण डोळे मोठे, त्यामुळे हडकुळेपणाही तिला शोभतो. मी तशी झाले तर उपाशी दिसेन.

तिचं दुखणं असं, की चार घास खाल्ले की कळ. मग परसाकडे धाव. मधे चार दिवस बरी, पुन्हा तेच. सगळ्यांनी जुनी आव म्हणून एमेटीनची इंजेक्शनं टोचली. भगत झाला, अंगारे झाले. मायक्रोस्कोपखाली अमिबा नाही, जंत नाही, काही नाही. म्हणून सगळे म्हणतात काही नाहीच. डॉ. म्हणतात, काही नाही कसं, आपल्याला दिसत नाही एवढंच. त्यांच्या मते काही माणसांचं आतडंच हळवं असतं. तुम्हाआम्हाला जे कळतही नाही ते त्याला दुखतं. हे सिद्ध करायचं म्हणून पुढच्या दवाखान्यामागची कोठीची खोली यंत्राला गेली. माझी लोणच्याची बरणी आता पलंगाखाली असते.

डॉ. तिला विचारत होते, कळ कुठून निघते, कुठे जाते, मुरगळते की टोचते, झोपल्यावर थांबते का. आम्ही मागे राहतो, मधे नुसती फळी. सगळं ऐकू येतं. इतके प्रश्न मला लग्न ठरवतानाही विचारले नव्हते.

जेवताना म्हटलं, आज माझंही डोकं दुखतंय. म्हणाले, उन्हात गेली असशील. आणि मग नेहमीचं, "तुझं बरं आहे, सुमन. तुला दगड पचतील."

१५ नोव्हें.
काजळी धरायचं काम माझ्याकडे आलंय. कंपौंडर धरतो ती ढगाळ येते. माझी एकसारखी. लहानपणापासून घरचं काजळ मीच धरायचे, रॉकेलच्या चिमणीवर कागद कसा फिरवायचा हे हाताला ठाऊक आहे. डॉ. खूश. "वा, काय काजळी आहे." काजळीचं कौतुक. हाताचं नाही.

आज पहिल्यांदा आत उभी राहून पाहिलं. पडद्याआड ज.बाई खाटेवर, तिच्याजवळ गावित सिस्टर. नवापूरकडच्या, धीट बाई, नळी घालायचं सगळं त्याच करतात. नळीच्या टोकाला रबरी फुगा, तो आत. दुसरं टोक पडद्याखालून काजळीचा कागद गुंडाळलेल्या ड्रमकडे. डॉ. पिचकारीने थोडी थोडी हवा सोडतात, ड्रम किल्लीवर हळूहळू फिरतो, आणि आतडं आवळलं की सुई उडते, काजळीवरची रेघ वर चढते. बाईने फक्त सांगायचं, दुखलं की दुखलं म्हणून. म्हणजे डॉ. तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. नुसती रेघ बघतात.

पण जशी बघतात!

दुसऱ्याच पिचकारीला आतून आवाज आला, "आते दुखस, साहेब." डॉ.नी लगेच फुग्यातली हवा सोडून दिली. म्हणाले, "झालं, झालं. सोडलं बघा." तो आवाज. मी आठ वर्षांत एकदाच ऐकलाय. सहा वर्षांपूर्वी आमचं पोटातलं राहिलं नाही तेव्हा. माझ्या पोटाची चौकशी तेवढीच झाली. चार दिवसांनी मी उठून स्वयंपाकाला लागले, तर डॉ. सगळ्यांना सांगत सुटले, सुमन धीराची आहे. तेव्हापासून धीराची.

१६ डिसेंबर
सारंगखेड्याची यात्रा. दोन वर्षं मागे लागले होते तेव्हा कुठे नेलं. घोडे बघितले. एक पांढरा घोडा इतका देखणा, की मालक त्याला हातसुद्धा लावू देईना. डॉ. म्हणाले जवळच ज.बाईचं घर आहे, जाता जाता डोकावू. मला आधी कळायला हवं होतं.

घर मोठं. ओटीवर कापूस रचलेला. सासू खाटेवर. ज.बाई आम्हाला वाढत होती, स्वतः काही खात नव्हती. डॉ.नी सासूला समजावलं, की हे दुखणं खरं आहे, यंत्रावर रेघ उठते, दाखवीन तुम्हाला. म्हातारी म्हणाली, "रेघले काय शे, साहेब. कामनी येळ वनी का हिन्हं पोट दुखस. ढोंग शे बठं." कामाची वेळ आली की ढोंग, असं सुनेसमोर, पाहुण्यांसमोर. ज.बाई खाली मान घालून वाढत राहिली. तिचा नवरा बागेकडे निघून गेला.

त्या क्षणी मला तिची दया आली. परत येताना डॉ. टांग्यात सगळा वेळ तिच्याबद्दलच बोलले. ती दया नंदुरबारपर्यंत टिकली नाही.

२ जानेवारी १९६०
घोडं अडलंय. नुसत्या दुखणाऱ्या बायका तपासून भागत नाही म्हणे. ज्यांना काही होत नाही अशाही हव्यात. मगच फरक दाखवता येईल, की निरोगी बाईला इतकी हवा सोसते आणि ज.बाईला निम्मीही नाही. पुरुष दोनचार मिळाले. बाई कोण तयार होणार? गावित सिस्टर झाल्या. खाटेवर पडून त्यांनी डॉ.ना म्हटलं, अजून सोडा की, काय नुसतं फुंकताय. अजून एखादी हवी.

५ जाने.
डॉ. म्हणाले, तूच चल. तुझ्याइतकं निरोगी नंदुरबारात कोण आहे.

सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. उद्याला निळं पातळ काढून ठेवलं. कुणाला दिसणार आहे पडद्याआड.

६ जाने.
झालं.

नीट लिहायला हवं. सिस्टरनी नळी घातली. गार वाटलं. मग हवा. फुगल्यासारखं, परसाकडची भावना झाल्यासारखं. दुखलं नाही. जराही नाही. पडद्यापलीकडून डॉ. म्हणाले, "कसं वाटतंय?" अगदी कोरडं विचारलं, पेशंटला विचारतात तसंसुद्धा नाही. उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊकच होतं.

मी म्हटलं, दुखतंय.

पिचकारी थांबली. मग तोच आवाज. झालं, झालं, सोडलं. पडद्याशी आले, बाहेरूनच विचारायला लागले, कुठे दुखलं, कसं, आधी कधी होत होतं का, मला सांगितलं का नाहीस. मी सगळं सांगितलं. ज.बाईचेच शब्द. मुरगळतं, डावीकडे, खाल्ल्यावर. फळीआडून ऐकून पाठ झालंय मला.

संध्याकाळी चहा त्यांनी केला. साखर जास्त पडली होती. मी सगळा प्यायले.

१३ जाने.
पुन्हा. यावेळी पहिल्याच पिचकारीला म्हटलं दुखतंय. ज.बाईच्याही आधी. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलंय असं वाटतं.

दुपारी डॉ. जेवायला लवकर आत आले. माझ्यासाठी मऊ भात वेगळा लावायला सांगितला. तिखट बंद. आज मी त्यांच्यासमोर मऊ भात खाल्ला आणि मागल्या दारी वहिनींकडे जाऊन ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी नि ठेचा. मस्त लागला.

२० जाने.
तिसऱ्यांदा. तेच. आता तर मला वाटायला लागलंय की मी हे छान करते.

४ फेब्रु.
डॉ. जेवत नाहीत धड. कागद पसरून बसतात. मी विचारलं तर म्हणाले, फरक राहत नाहीये. निरोगी बायका दोनच, त्यातली एक ज.बाईहून हळवी निघाली. म्हणजे मी. मग काय सिद्ध करणार.

गावित सिस्टर तिथेच होत्या. म्हणाल्या, बाईंचं वगळा की साहेब. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या. डॉ.नी नाही म्हणून मान हलवली. म्हणाले, "जे सोयीचं नाही ते वगळायला लागलो तर धुळ्याच्या त्या साहेबांत नि माझ्यात काय फरक? तेही ज.बाईला हेच म्हणतात. दिसत नाही, म्हणजे नाही. मग सुमनला दुखतं म्हटल्यावर मी कोण नाही म्हणणारा?"

धुळ्याचे साहेब म्हणजे ते मोठे डॉक्टर. ज.बाईला त्यांनी ही बायकांची थेरं आहेत असं सांगून परत पाठवलं होतं.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. त्यांनी ज.बाईच्या बरोबरीने माझी बाजू घेतली. नाही वाटलं बरं.

११ फेब्रु.
ज.बाई सरळ स्वयंपाकघरात आली. कधी येत नाही. पदरात ओवा बांधून आणला होता, स्वतः भाजलेला. कुणाकडून तरी तिला कळलंय. माझा हात धरून म्हणाली, "तुम्हले बी व्हस का, बाई? माले वाटे मी एकलीच शे."

मी हो म्हटलं. काय करणार.

बसली. पहिल्यांदाच माझ्याशी बोलली, एरवी तिचं सगळं बोलणं डॉ.शी. हरभरा चालत नाही, पण ताक कधी चालतं कधी नाही, त्याचा काही नेम नाही म्हणाली. बाहेरगावी जायचं तर आदल्या दिवशी काही खात नाही. लग्नाला गेलं की आधी परसाकडची वाट कुठे आहे ते बघून ठेवते. मीही माझं म्हणून तेच तेच सांगितलं. ती हो हो करत राहिली. तिचंच तिला सांगत होते मी.

मग म्हणाली, "मी सासूले सांगं, डाक्टरीनबाईले बी दुखस. मंग ती बी ढोंग करस का? गप बसनी म्हतारी." आणि हसली. तिला हसताना मी आज पाहिलं. दात सुंदर आहेत. तरीही राग आला, हे लिहायला हवं. एवढं सगळं होऊनही दात बघून राग येतो मला.

ओवा डब्यात भरून ठेवला. फेकवेना.

१२ फेब्रु.
आज सांगायचं ठरवलं होतं. मग विचार आला, सांगितलं तर म्हातारी म्हणेल बघा, डाक्टरीणबाईनंही ढोंगच केलं. आणि जमनेचं दुखणं खरं असूनही ढोंग...

डॉ. म्हणाले कसला विचार करतेस. म्हटलं काही नाही.

३ मार्च
डॉ.चे मुंबईचे सर आले. सध्या धुळ्याला आलेत, तिथून सुरतेला जाऊन परत यायचंय, मधे एक मुक्काम आमच्याकडे. त्यांच्या हाताखालीच डॉ. शिकले. सरांना पटलं तर ते हे काम मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांपुढे मांडणार, डॉ.ना स्वतः वाचायला नेणार. नाही पटलं तर कोठीची खोली मला परत. असं मी गमतीने लिहिलं, पण डॉ.चा चेहरा बघवत नाही. दोन वर्षं यातच गेली त्यांची.

सरांनी सगळे कागद जमिनीवर मांडले. ज.बाईचे एका रांगेत, माझे खाली. चष्मा वर करून बघत बसले. मी चहा घेऊन उभी. शेवटी म्हणाले, "वरच्या बाईची सुई उडते आहे. ह्या खालच्या बाईची रेघ सरळ. दुखतं म्हणते तिथेही सरळ. ही कोण?"

डॉ. म्हणाले, माझी पत्नी.

सर अवघडले. मग हसून म्हणाले, "घरच्या माणसाचा प्रश्न वेगळा. पण मला सांग, ही दुखत नसताना दुखतं म्हणते, तर वरची कशावरून नाही?"

डॉ.नी ज.बाईचे दोन कागद उचलून दाखवले. तिथेही तिने दुखतं म्हटलंय आणि सुई उडालेली नाही. म्हणाले, "सुई उडाली तरच दुखलं असं असतं, सर, तर तिला विचारायचीच गरज नव्हती. आतडं आवळतं तेवढंच सुईला कळतं. हळवं किती आहे ते ज्याचं त्यालाच. मी सुमनच्या पोटात नव्हतो. ती म्हणाली, मी लिहिलं."

सर म्हणाले, असं शास्त्र होत नाही. पण बोलले हळूच. सुरतेहून परतताना पुन्हा उतरतील. त्यांच्यासमोर दोघींना तपासायचं. तेव्हा ठरवू म्हणाले.

चहा कुणीच घेतला नाही.

५ मार्च
मी चिडले डॉ.वर. कशासाठी माझी बाजू घेता, म्हटलं, सर म्हणतात तर वगळा माझे कागद. त्यांनी कागद खाली ठेवले. म्हणाले, इतकी वर्षं तुला काही होतंय का हे मी विचारलंच नाही. आता विचारलंय तर तू म्हणतेस वगळा.

हे त्यांनी आधी म्हटलं असतं तर. सहा वर्षांपूर्वी, तेव्हा. मला जमनेचा हेवा वाटायचं कारणच राहिलं नसतं. किंवा राहिलं असतं. मला माझा भरवसा नाही.

१० मार्च
सर उद्या येणार, तार आली. ज.बाईला निरोप गेला होता, ती आजच येऊन वहिनींकडे उतरली आहे. सिस्टरनी विचारलं, आधी कोण? ज.बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "पहिले बाई. त्या शेतस ना, मंग माले भेव नही."

सकाळी कागदांवर काजळी धरली. एक कागद ढगाळ आला. डॉ. म्हणाले असू दे.

संध्याकाळी अंगणात बसलो होतो दोघं. मी विचारलं, उद्या मी काय सांगू? म्हणाले, "होईल ते सांग. तू सांगशील तेच मी लिहीन." आणि माझ्या पोटावर हात ठेवला, साध्या सहजपणे, तापाला कपाळावर ठेवतात तसा. मी हलले नाही. ही एवढी जागा मला आठ वर्षं हवी होती आणि ती मी खोटं बोलून मिळवली. त्यांना वाटतं मी उद्याला घाबरले आहे.

मी ठरवलंय. उद्या नाही दुखत म्हणेन. कितीही हवा सोडू दे, गावित सिस्टरसारखं म्हणेन, सोडा अजून. सर काय समजायचं ते समजतील. डॉ. समजतील. जमना पडद्याशी असेल, तीही ऐकेल. मग तिने त्या दिवशी धरलेला माझा हात सोडला तरी चालेल. तिचं तरी खरं ठरू दे.

पण दुपारपासून मला कळ येते आहे. डावीकडे, मुरगळून. भाताची दोन शितं खाल्ली तरी. दोनदा परसाकडे जाऊन आले. आधी वाटलं भीतीनं. भीतीनंच असेल. जमनेचा ओवा चावून बघितला, थांबत नाही.

डॉ.ना सांगितलेलं नाही. उद्या नाही दुखत म्हणायचं पक्कं आहे. पण खरंच दुखलं तर?